खुर्ची सुटल्यावरच कंठ फुटतो का?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात परदेशाच्या पानावर ट्रम्पसाहेबांच्या जुन्या माणसांच्या बातम्या अधनंमधनं येत असतात, कधी त्यांचा माजी सल्लागार बोलतो, कधी माजी संरक्षण मंत्री, कधी रिटायर जनरल, आणि सगळ्यांचा सूर एकच की आम्ही या माणसाजवळ बसून काम केलंय आणि हा माणूस त्या खुर्चीच्या लायकीचा नाही. अशी बातमी आली की आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो बघा घरचाच आहेर, आतला माणूस सांगतोय म्हणजे खरंच असणार. दुसरा म्हणतो खाल्ल्या मिठाला जागला नाही तो कसला माणूस. आता गंमत अशी की हेच दोघं जण २०२२ च्या जूनमधी शिंदेसाहेब सुरतेला गेले तेव्हा आणि २ जुलै २०२३ ला अजितदादांनी शपथ घेतली तेव्हा बरोब्बर उलटं बोलत होते. म्हणजे माणूस कुणाला सोडून गेला त्यावर ठरतं तो गद्दार का शहाणा, त्यानं काय सांगितलं ते वाचायची कुणाला गरजच नाही.

मी विकास सोसायटीचा, म्हणजे गावात शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा, गटसचिव म्हणून नोकरी केली, आता रिटायर आहे. सगळी नोकरी प्रोसिडिंग, म्हणजे सभेत काय ठरलं त्याची नोंद, लिहिण्यात गेली, त्यामुळं असली बातमी वाचली की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो एवढाच, की बाबा रे तू त्या मीटिंगला हजर होतास ना, मग तुझा विरोध बुकात आहे का?

ज्यांनी सोसायटीची मीटिंग बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. अजेंडा आधी निघालेला असतो, विषय नंबर १ मागील सभेचे प्रोसिडिंग वाचून कायम करणे, ते वाचत कुणीच नाही, कायम मात्र होतं. मग कर्जमागणी, वसुली, खतं, असं करत करत शेवटचा विषय येतो मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. खरा कार्यक्रम तिथं असतो. तोवर चहा-भजी आलेली असतात, दोन मेंबर उठून चप्पल शोधत असतात, आणि तेवढ्यात चेअरमन म्हणतात गोडाऊनचं पत्रं बदलायचं काम आपल्या अमक्याला देऊन टाकू, पावसाच्या आधी झालं पाहिजे. सूचक हे, अनुमोदक ते, ठराव सर्वानुमते मंजूर. सह्या झाल्या की घरी.

एकदा एका संचालकानं, अण्णा म्हणतो त्यांना, माझ्या हातातनं पेन घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, या ठरावाला माझा विरोध आहे कारण तीन कोटेशन मागवलेली नाहीत, आणि खाली सही केली. चेअरमन म्हणले, "अण्णा, लिवायला कशाला लागतंय, तोंडी सांगायचं की." अण्णा काय बोलले नाहीत, टोपी घातली आणि गेले. पुढच्या इलेक्शनला पॅनेलमधनं त्यांचं नाव गेलं, ते जायचंच होतं.

दुसरा एक संचालक होता, त्यानं त्याच ठरावावर सही केली होती आणि आधीच्या नंतरच्या सगळ्याच ठरावांवर केली होती. पुढं त्याचंही तिकीट कापलं आणि मग वार्षिक सभेत माईक हातात घेऊन हा गडी त्याच गोडाऊनच्या पत्र्यावर असा काय बोलला की मागच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारायला लागली. कुणीतरी खालनं ओरडलं, बुकात तुमची सही हाय की! तर म्हणतो मला वाचून दाखवलं नव्हतं. लोक हसले, विषय संपला, मंजूर मंजूर मंजूर. पण संपादक साहेब, तो जे आकडे सांगत होता ते बरोबर होते. पुढं ऑडिटमधी तोच आक्षेप निघाला आणि दोष-दुरुस्ती अहवाल करता करता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. माणूस उशिरा बोलला, स्वार्थासाठी बोलला, आणि खरं बोलला, हे तिन्ही एकाच वेळी असू शकतं. ग्रुपवरच्या लोकांना हे पचत नाही, त्यांना माणूस एकतर देव पाहिजे नायतर राक्षस.

आता हाच चष्मा लावून अमेरिकेकडं बघा. जॉन केली नावाचे रिटायर जनरल जुलै २०१७ पासनं जानेवारी २०१९ पर्यंत ट्रम्पसाहेबांचे चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे दिवसभर दाराबाहेर बसणारा माणूस, कोण आत जाणार कोण नाही हे त्यांच्या हातात. त्यांनी ऑक्टोबर २०२४ मधी, इलेक्शनला दोन आठवडे राहिले असताना, उघड नावानिशी सांगितलं की फॅसिस्ट शब्दाची जी व्याख्या आहे त्यात हे बसतात. बरं, एवढं मोठं तुम्हाला दिसलं होतं तर मधली पावणेसहा वर्षं काय करत होता? अधनंमधनं बोलले म्हणा, पण अशा सरळ शब्दात नाही. जॉन बोल्टन यांचं तर अजून पुढं. सप्टेंबर २०१९ ला राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार पदावरनं बाहेर पडले, ट्रम्प म्हणतात मी काढलं, हे म्हणतात मी राजीनामा दिला. त्यानंतर थोड्याच दिवसात तिकडं महाभियोगाची चौकशी सुरू झाली, ट्रम्पसाहेबांनी युक्रेनवर दबाव आणल्याचं प्रकरण, आणि या माणसाला सगळं आतलं माहीत, तर हे साक्षीला गेले नाहीत. मग सिनेटनं बोलवलं तर येतो म्हणले, तेव्हा सिनेटनं साक्षीदारच नकोत असं ५१ विरुद्ध ४९ मतांनी ठरवलं. आणि जून २०२० ला पुस्तक आलं, सगळं त्यात. जे साक्षीच्या पिंजऱ्यात फुकट सांगायचं ते दुकानात पैसे घेऊन सांगितलं, मला तरी हे पटलेलं नाही. पण म्हणून पुस्तकातलं खोटं ठरत नाही, आणि पुढं ऑक्टोबर २०२५ मधी त्यांच्यावरच गोपनीय कागदांच्या बाबतीत १८ आरोपांचा खटला दाखल झाला, तो त्यांनी नाकबूल केलाय, त्यावरनंही पुस्तकातलं खरं का खोटं ते ठरत नाही.

आणि एक निनावी अर्जवालेसुद्धा होते! सरकारी ऑफिसात काम केलेल्याला निनावी अर्ज काय असतो ते सांगायला नको, उजव्या हाताच्या माणसानं डाव्या हातानं लिहिलेला. सप्टेंबर २०१८ मधी न्यूयॉर्क टाइम्समधी एक बिननावाचा लेख आला की आम्ही सरकारच्या आत बसूनच याला रोखतोय. दोन वर्षांनी कळलं की ते होमलँड सिक्युरिटी म्हणजे देशांतर्गत सुरक्षा खात्यातले माइल्स टेलर. एप्रिल २०२५ मधी ट्रम्पसाहेबांनी त्यांची चौकशी करायचा आदेशच काढला. एका बाजूनं मला त्यांची कीव येते, दुसऱ्या बाजूनं वाटतं की निनावी अर्जाचा साहेबालाच फायदा होतो, कारण मग साहेब अर्जात काय आहे ते सोडून अक्षर कुणाचं ते शोधायला लागतात आणि सगळं ऑफिससुद्धा तेच शोधायला लागतं.

पण सगळेच तसले नव्हते. माईक पेन्स चार वर्षं ट्रम्पसाहेबांच्या शेजारी मान डोलवत उभे होते, त्याबद्दल त्यांना काय बोलायचं ते बोला, पण ६ जानेवारी २०२१ ला उपाध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेले असतानाच त्यांनी ट्रम्पसाहेब हरलेल्या २०२० च्या इलेक्शनची मतमोजणी फिरवायला नकार दिला, बाहेर जमाव त्यांना फाशी द्या म्हणून ओरडत होता. विल्यम बार अ‍ॅटर्नी जनरल होते, खुर्चीवर असतानाच १ डिसेंबर २०२० ला म्हणले की निकाल बदलेल एवढा मोठा घोटाळा आम्हाला सापडलेला नाही. मार्क एस्पर संरक्षण मंत्री, जून २०२० मधी आंदोलनावर लष्कर घालायला माझा पाठिंबा नाही असं पत्रकारांसमोर उभं राहून सांगितलं, नोव्हेंबरमधी एका ट्वीटवर घरी गेले. हे तिघंही आमच्या अण्णांच्या लायनीतले, निदान त्या एका ठरावापुरते. (बारसाहेबांनी २०२४ ला एवढं सगळं बोलून शेवटी मत ट्रम्पलाच देणार म्हणून सांगितलं, हे वाचून मी पेपर बाजूला ठेवून चहा करायला गेलो.)

काही जण म्हणतील आत राहिलो म्हणून थोडं तरी थांबवता आलं, बाहेर पडलो असतो तर माझ्या जागी होयबा आला असता. हे मी उडवून लावत नाही, सोसायटीत सुद्धा असे मेंबर बघितलेत की बाहेर गोड बोलणार आणि कमिटीत बसून चुकीचं कर्ज अडवणार, त्यांच्यामुळं संस्था टिकतात. पण प्रत्येक जण पुढं हेच म्हणतो. थांबवणारा आणि नुसता बसणारा यांची पेन्शन पण सारखीच आणि आठवणी पण सारख्याच. फरक कळायचा तर कुठंतरी कागद पाहिजे, एक शेरा, एक पत्र, एक असहमतीची ओळ. जेम्स मॅटिस यांनी डिसेंबर २०१८ ला सीरियातनं सैन्य काढायच्या निर्णयावर संरक्षण मंत्रिपद सोडलं तेव्हा निदान पत्रात लिहिलं की तुम्हाला तुमच्या मताशी जुळणारा मंत्री ठेवायचा हक्क आहे म्हणून मी जातो. सभ्य भाषेत आहे पण कागदावर आहे, तारखेसकट.

माझ्या मते या सगळ्यांचा गुरू म्हणजे जॉन डीन. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचा वकील, वॉटरगेट (विरोधी पक्षाच्या ऑफिसात केलेली घुसखोरी) झाकायच्या कामात स्वतः सामील, हात बरबटलेले. जून १९७३ मधी सिनेटच्या समितीपुढं २४५ पानी निवेदन वाचून दाखवलं, जवळजवळ अख्खा दिवस वाचत होता. निक्सनच्या बाजूनं एकच ओरड, हा स्वतः गुन्हेगार, स्वतःची कातडी वाचवतोय. आणि ते खरंच होतं! अध्यक्षाच्या शब्दासमोर या पोराचा शब्द, कोण विश्वास ठेवणार. पुढं महिन्याभरात, जुलैमधी, अलेक्झांडर बटरफील्ड नावाच्या दुसऱ्या आतल्या माणसानं सांगितलं की अध्यक्षांच्या ऑफिसात टेप चालू असतात. मग टेप मिळवायला कोर्टकचेऱ्या, आणि टेप ऐकल्या तर मुख्य मुद्द्यांवर डीन बरोबर निघाला. ऑगस्ट १९७४ ला निक्सन गेले. डीनलाही शिक्षा झाली, कोण त्याला हार घालायला गेलं नाही. आपल्याकडं कोर्टात माफीचा साक्षीदार असाच वापरतात, त्याची साक्ष फेकून देत नाहीत, पण नुसत्या तिच्यावर सहसा कुणाला शिक्षाही देत नाहीत, दुसरीकडनं दुजोरा बघतात. कोर्टाला जमतं ते आपल्याला ग्रुपवर का जमू नये?

इंग्लंडचं उदाहरण द्यायचा मोह होतो कारण त्यात क्रिकेट आहे. जेफ्री हाऊ हे पंतप्रधान थॅचरबाईंच्या मंत्रिमंडळात पहिल्या दिवसापासनं, अर्थमंत्री, परराष्ट्र मंत्री, उपपंतप्रधान. १ नोव्हेंबर १९९० ला राजीनामा दिला आणि १३ तारखेला पार्लमेंटमधी उभं राहून, बाई समोरच बसल्यात, शांत आवाजात सांगितलं की ओपनिंग बॅट्समन क्रीजवर पाठवायचे आणि पहिला बॉल पडताना त्यांना कळतं की मॅचच्या आधीच कॅप्टननं बॅटी मोडून ठेवल्यात. नऊ दिवसात थॅचरबाईंनी राजीनामा जाहीर केला. पुस्तक नाही, बाईट नाही, जिथं उत्तर देता येतं तिथं आणि जिनं उत्तर द्यायचं तिच्या समोर.

आता आपल्याकडं येतो, कारण अमेरिकेवर बोलणं सोपं असतं.

आणीबाणीची घोषणा म्हणजे आख्ख्या देशाचा ऐनवेळचा विषय होता. राष्ट्रपतींची सही २५ जून १९७५ च्या रात्रीच झालेली आणि मंत्रिमंडळाला बोलवलं दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला. म्हणजे ठराव आधी, मीटिंग नंतर. जगजीवनराम यांनी तर लोकसभेत आणीबाणीच्या मंजुरीचा ठराव स्वतः मांडला, आणि २ फेब्रुवारी १९७७ ला, इलेक्शन जाहीर झाल्यावर, काँग्रेस सोडली. लोकांनी डोक्यावर घेतलं. त्यांच्या जाण्यानं इंदिराबाईंना मोठा धक्का बसला हे खरंच आहे, पण सूचक म्हणून सही कुणाची होती ते पण खरं आहे. याउलट आपले मोहन धारिया बघा. राज्यमंत्री असताना म्हणले जयप्रकाशजींशी बोला, मार्च १९७५ मधी मंत्रिपद गेलं, मग लोकसभेत आणीबाणीच्या विरोधात बोलले आणि जेलमधी गेले. आज आमच्या तालुक्यात कॉलेजच्या पोरांना विचारा धारिया कोण, दहात एकालाही माहीत नसेल. वेळेवर बोलणाऱ्याचं असंच होतं.

आणि यशवंतराव. आता इथं माझं पेन जरा अडखळतंय, कारण देवराष्ट्रे आमच्यापासनं जवळ आणि आमच्या घरात साहेबांचा फोटो अजून आहे. पण दुसऱ्याला एक माप आणि आपल्याला दुसरं असं करायचं नसेल तर लिहायलाच पाहिजे. साहेब इंदिराबाईंकडं गृह, अर्थ, परराष्ट्र अशी सगळी मोठी खाती सांभाळत होते आणि आणीबाणीच्या पूर्ण काळात परराष्ट्र मंत्री होते. १९७८ च्या जानेवारीत काँग्रेस फुटली तेव्हा ते बाईंच्या विरुद्ध बाजूला राहिले, १९७९ ला चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले. १९८० ला बाईंची लाट आली, भले भले वाहून गेले, तरी साताऱ्यानं साहेबांना दुसऱ्या काँग्रेसच्या तिकिटावर निवडून दिलं. आणि पुढं ते परत बाईंच्याच पक्षात गेले. याला काय म्हणायचं? माणूस मोठा, महाराष्ट्र त्यांनी उभा केला, त्यात शंका नाही. पण १९७५ साली त्या टेबलावर त्यांची असहमतीची एखादी ओळ असती तर आज आम्ही ती पोरांना दाखवली असती. तीन वर्षांनी वेगळी बाजू घेणं वेगळं.

सांगलीत बसून १९७८ विसरायचं तर शक्यच नाही. वसंतदादांच्या मंत्रिमंडळातले शरदराव बाहेर पडले आणि १८ जुलैला अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले, तेव्हापासनं पाठीत खंजीर हा शब्द महाराष्ट्राला पाठ झाला. पुढं पंचेचाळीस वर्षांनी पवारसाहेबांच्याच पक्षाचं २ जुलै झालं आणि दुसऱ्या दिवशी, गुरुपौर्णिमा होती, ते कराडला प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीला आले. त्या दिवशी आमच्या भागातली जुनी माणसं टीव्हीसमोर बसून एकमेकांकडं नुसती बघत होती, कुणाच्या बाजूनं वाईट वाटून घ्यायचं तेच कळेना. दरे गावचे शिंदेसाहेब घ्या, ठाकरे सरकारात अडीच वर्षं नगरविकास खातं त्यांच्याकडं, आणि मग सांगितलं की त्या सरकारमधी घुसमट होत होती. असेलही घुसमट. मग विरोधकांनी काय केलं तर पन्नास खोक्यांची घोषणा दिली, आणि त्यांच्या लोकांनी काय केलं तर हिंदुत्वाची दिली. घुसमट नेमकी कोणत्या फाईलवर झाली, कोणत्या तारखेला झाली, हे ना त्यांनी सांगितलं ना आम्ही विचारलं.

व्ही. पी. सिंग यांचं एक उदाहरण मात्र मला वेगळं वाटतं. राजीव गांधींकडं १९८७ साली संरक्षण मंत्री असताना जर्मन पाणबुडीच्या सौद्यात दलालीची कुणकुण लागली तर खुर्चीवर बसूनच चौकशीचा आदेश काढला, त्यावरनं पक्षात गदारोळ झाला आणि एप्रिलमधी राजीनामा. बोफोर्स तोफांच्या दलालीची बातमी स्वीडिश रेडिओवर आली ती त्यानंतर चार दिवसांनी. ज्या पक्षानं १९८४ ला चारशेच्या वर जागा आणल्या तो १९८९ ला १९७ वर आला. पुढं पंतप्रधान म्हणून त्यांनी काय केलं त्यावर आमच्या घरातच भांडणं आहेत, पण आदेश आधी आणि राजीनामा नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

तिकडं एवढे सगळे सेनाधिकारी आणि मंत्री बोलले तरी नोव्हेंबर २०२४ ला ट्रम्पसाहेब ३१२ इलेक्टोरल मतं घेऊन परत आले. आमच्या ग्रुपवरचे म्हणले बघा, लोकांनी गद्दारांना धडा शिकवला. मला वाटतं बऱ्याच लोकांनी त्यांचं ऐकलंच नाही. ज्या माणसानं दोन वर्षं साहेबांची वाहवा केली त्याचीच नंतरची टीका लोकांना तिकीट कापल्याची टीका वाटते, आणि साहेबांनाही सोपं जातं, नालायक होता म्हणून काढला म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण एवढा नालायक होता तर नेमला कुणी, हे कुणी विचारत नाही! स्वतःच निवडलेली एवढी माणसं विरोधात गेली असतील तर निवडणाऱ्याचं पण ऑडिट झालं पाहिजे.

तर आपल्याला विनंती अशी, की इथनं पुढं कुठलाही माजी मंत्री, माजी सचिव, माजी सल्लागार, माजी संचालक आपल्या जुन्या साहेबावर बोलला की बातमीच्या खाली एक छोटी चौकट टाकत जा. पदावर कधीपासनं कधीपर्यंत होता, गेला का काढला, ज्या निर्णयावर आज बोलतोय तो झाला तेव्हा याची सही होती का, लेखी विरोध होता का, आणि जे सांगतोय त्याला दुसऱ्या कुणाचा का कागदाचा दुजोरा आहे का. आणि साहेबांकडं पण एकच प्रश्न पाठवा, माणूस कसाही असू दे, तो म्हणतोय ते झालं का नाही. उत्तर आलं नाही तर उत्तर आलं नाही असं छापा. दिल्ली-मुंबईपासनंच करा असं नाही, आमच्या भागात कारखान्यांची आणि बँकांची इलेक्शनं लागली की असे माजी ढिगानं उगवतात, तिथनंच चालू केलं तरी चालेल.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागा कमी असेल तर अमेरिकेचं कापा, यशवंतरावांचं तेवढं कापू नका, नायतर गावात म्हणतील फक्त परक्यांवरच लिहितो. नाव छापू नये, अण्णा अजून पेपर वाचतात आणि तो दुसरा संचालक पण.

आपला,
एक रिटायर गटसचिव
ता. पलूस, जि. सांगली